पाटण तालुक्यात सहा दिवस, आशाताईंबरोबर

पहिला दिवस, रविवार

स्वारगेटला सकाळची कराड गाडी धरली तेव्हा माझ्याजवळ तीन नग होते. कपड्यांची पिशवी, पुस्तकांचं खोकं आणि उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली एक बाहुली. कंडक्टरनं अभ्रा सरकवायला म्हणून उचलला आणि विचारलं, "मावशी, दगड भरलेत का काय?" दगड नव्हे, धुतलेली वाळू. बाहुली बरोबर २ किलो १०० ग्रॅमची आहे. मान मुद्दाम लुळी ठेवली आहे, म्हणजे उचलताना कुणाचा हात मानेखाली जातो आणि कुणाचा नाही ते लगेच दिसतं. अंगड्याच्या आत एक फुगा आहे, फुग्याला नळी आणि नळीच्या टोकाला रिक्षाच्या भोंग्याचा रबरी गोळा. गोळा दाबला की बाहुलीचं पोट वर येतं, सोडला की खाली जातं. गेली सहा वर्षं माझं निम्मं प्रशिक्षण या भोंग्यावर चाललंय.

मी चौतीस वर्षं आरोग्य खात्यात काढली, आधी आरोग्यसेविका आणि मग आरोग्य सहायिका म्हणून. निवृत्त झाल्यावर जिथून बोलावणं येईल तिथे आशाताईंना शिकवायला जाते. या वेळी पाटण तालुका होता. काम पाच दिवसांचं, विषय नवजात बाळाची घरी जाऊन काळजी आणि जोडीला सर्पदंश, रक्तदाब अशी उजळणी.

खंबाटकी घाट चढेपर्यंत झोप लागली. उंब्रजला उतरून मल्हारपेठमार्गे पाटणची गाडी घेतली. डिसेंबर लागलेला, ऊसतोड जोरात. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्ता अडवून चाललेले. रानाच्या कडेला बांबूच्या तट्ट्यांच्या, वर काळी-निळी ताडपत्री टाकलेल्या कोप्या दिसत होत्या. एका कोपीसमोर दोरीवर लंगोट वाळत होते. तेवढंच दिसलं आणि गाडी पुढे गेली, पण ते लंगोट डोक्यातून जाईनात.

दुसरा दिवस, सोमवार

सव्वीस जणी आल्या. कुणाला नवऱ्यानं मोटरसायकलवर आणून सोडलं, कुणी कोयनानगरकडून पहिल्या एसटीनं आली. एक जण डोंगरवाडीवरून दीड तास उतरून आली होती आणि नऊच्या ठोक्याला हॉलमध्ये सगळ्यांच्या आधी बसली होती. पायातल्या चपला लाल मातीनं भरलेल्या. तिच्याबद्दल पुढे बरंच लिहायचं आहे.

१२ एप्रिल २००५ ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि त्यातून आशा आल्या. साधारण हजार लोकवस्तीला एक, डोंगराळ भागात वाडी-वस्तीप्रमाणे. ती त्याच गावची रहिवासी असली पाहिजे ही मूळ अट, आणि मला ती सगळ्यात शहाणपणाची वाटते. बदली होऊन जाणाऱ्या माणसाला गाव जे सांगत नाही, ते गावच्या सुनेला सांगतं.

यामागे महाराष्ट्रातल्या माणसांचे कष्ट आहेत, हे मी दर वेळी पहिल्या तासाला सांगते. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं आणि गावातल्या बायकांना आरोग्याचं शिकवलं. त्यातल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांनाच नवजात बाळ तपासायला, धोका ओळखायला आणि उपचार करायला शिकवलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. आज देशभरातल्या आशा बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात, बाळंतपण घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीसुद्धा. त्याचं मूळ तिथे आहे. हे सांगितलं की बायका जरा ताठ बसतात.

मग बाहुली काढली. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल तर ते जलद. लगेच पुन्हा एक मिनिट मोजायचं, आणि दुसऱ्यांदाही ६० किंवा त्याहून जास्त आले तर बाळाला दवाखान्यात हलवायचं. सगळ्यांना हे पाठ होतं. सव्वीस जणींनी एका सुरात म्हणून दाखवलं. मी घड्याळ समोर ठेवून भोंगा एका मिनिटात बरोबर ६४ वेळा दाबला आणि प्रत्येकीला आपला आकडा चिठ्ठीवर लिहायला सांगितला.

चिठ्ठ्या उघडल्या तर ४४ पासून ८० पर्यंत आकडे. ६४ च्या आसपास फक्त नऊ जणी होत्या.

चुका कुठे झाल्या ते एकेकीला विचारत गेले. कुणी पोट वर आलं की एक आणि खाली गेलं की दोन मोजलं होतं. कुणाची नजर घड्याळाकडे गेली तेवढ्यात चार श्वास निसटले. तिघींनी अर्धा मिनिट मोजून दुप्पट केली होती. डोंगरवाडीच्या ताईंचा आकडा ६३ होता. कसं मोजलं म्हणून विचारलं तर त्यांनी डावी मूठ उघडून दाखवली. आत सहा शेंगदाणे. "धा झालं की एक दाणा हिकडून तिकडं. मला धाच्या पुढं ध्यान ऱ्हात न्हाई, सिस्टर."

मी खुर्चीवर बसले. गडचिरोलीत बंग दांपत्यानं फार मोजता न येणाऱ्या दायांसाठी मण्यांचं श्वास मोजायचं साधन केलं होतं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. या बाईंनी त्याचं नावही ऐकलेलं नव्हतं. त्यांनी ते आपल्या ओट्यावर बसून शोधून काढलं होतं.

अर्ध्या मिनिटाची दुप्पट का करायची नाही, हे मी माझ्या एका चुकीवरूनच सांगते. नव्वदच्या दशकात, दुसऱ्या जिल्ह्यात, मी एका सहा दिवसांच्या बाळाचे श्वास अर्धा मिनिट मोजले. २८ आले. दुप्पट करून ५६ लिहिले आणि पुढच्या घरी गेले. नवजात बाळाचा श्वास एकसारखा चालत नसतो. थोडा वेळ भराभर, मग जरा थांबून. मी नेमकं थांबलेलं मोजलं होतं. तिसऱ्या दिवशी बाळ गेलं. पूर्ण मिनिट मोजलं असतं तर ते वाचलंच असतं असं कुणी सांगू शकत नाही. पण त्या घरात आणखी तीस सेकंद थांबायला मला काहीच हरकत नव्हती. हे सांगताना माझा आवाज अजूनही धड राहत नाही.

संध्याकाळी सुटायच्या आधी चार वेळा मोजणी झाली. शेवटच्या वेळी एकवीस जणी दोन-तीन श्वासांच्या फरकात आल्या होत्या. शेंगदाणे कमी पडले म्हणून काहींनी बांगड्यांवर मोजलं.

तिसरा दिवस, मंगळवार

आज हॉल नव्हता. प्रशिक्षण द्यायचं आणि नंतर कुणाच्या घरापर्यंत जायचंच नाही, हे मला पटत नाही. मी आधीच अट घातली होती की एक दिवस वाड्यांवर जाणार. आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक ताई आणि मी डोंगरवाडीच्या ताईंबरोबर निघालो. सडावाघापूरच्या पठाराकडे चढणाऱ्या रस्त्यानं जीप गेली. वर पवनचक्क्या गरगरत होत्या. पावसाळ्यात इथे उलटा धबधबा बघायला गाड्यांची रांग लागते, आता गवत पिवळं पडलं होतं आणि रस्त्यावर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. जिथे डांबर संपलं तिथून पायवाट.

घर कौलारू, पुढे सारवलेलं अंगण. बाळाचा सातवा दिवस. ताईंनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, पाणी मागितलं, कोपरापर्यंत साबणानं हात धुतले आणि हवेत धरून वाळवले. पदराला पुसले नाहीत. मी मनात पहिली खूण केली.

आत अंधार होता. बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी, तिच्यावर ओवा, शेपा, वावडिंगाची धुरी. डोळ्यांना झोंबत होतं. बाळ गोधडीत आणि वर घोंगडीत. आजी शेजारी मांडी घालून बसलेली, म्हणजे बाळाच्या बापाची आई. तिनं पहिल्यांदा स्वतःचं वय सांगितलं, भूकंपाच्या हिवाळ्यातली. इथे भूकंप म्हणजे ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा. घरं पडलेली, म्हणून तिच्या आईनं तिला पालाखाली जन्म दिला होता. "शेक हुता म्हनून मी जगले," असं ती म्हणाली. अशा बाईला धूर वाईट आहे म्हणून कसं सांगायचं? मी गप्प बसले. हे माझं काम नव्हतं, ताईंचं होतं.

ताईंनी वही काढली आणि वहीतल्या क्रमानं सुरुवात केली. आधी बाळ उघडलं, थर्मामीटर काखेत, मग झोळीत घालून वजन. २ किलो २०० ग्रॅम. गार हवा लागली आणि बाळानं जे रडायला सुरुवात केली ते थांबेना. त्यानंतर वहीत श्वासांचा रकाना होता. रडत्या बाळाचे श्वास मोजता येत नाहीत. ताईंनी शेंगदाणे मुठीत धरले आणि माझ्याकडे पाहिलं.

हॉलमध्ये बाहुली रडत नाही. हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. मी मोजायला शिकवत आले, पण घरात पाऊल टाकल्यावर पहिल्यांदा काय करायचं हे शिकवायचं राहून जात होतं. बाळ झोपलेलं आहे तोवर, त्याला हात लावायच्या आधी, श्वास मोजून घ्यायचे. रकाना कुठेही असो.

ताई घाईला आल्या नाहीत. बाळ आईच्या पदराखाली दिलं, दूध ओढतं का ते बघितलं, आणि तोवर आजीशी बोलत बसल्या. "आत्या, शेक बाळंतिनीला ऱ्हाऊ दे. तिच्या कंबरंला बरा. पर धूर ह्याच्या नाकात नगं. शेगडी पायाकडं सरकवू का?" आजीनं काही उत्तर दिलं नाही, पण शेगडी स्वतःच सरकवली आणि दार अर्धं उघडलं. मग बाळाला अंगडं काढून आईच्या उघड्या छातीशी उभं बांधलं, वरून लुगडं आणि घोंगडी. अडीच किलोच्या आतल्या बाळाला अशी ऊब लागते. घुटीची वाटी कोनाड्यात होती. तिच्याकडे ताईंनी बोट केलं नुसतं, आजी म्हणाली, "बरं, दूधच."

वीस मिनिटांनी बाळ झोपलं. ताईंनी पदर जरासा बाजूला करून पोटावर नजर लावली. मी घड्याळ बघत मनात मोजत होते. ५१. ताईंनी पाच दाणे सरकवले आणि म्हणाल्या, "येक्कावन्न."

उतरताना त्यांनी स्वतःहून वहीत श्वासांच्या रकान्यासमोर मोठा १ काढला आणि त्याला गोल केलं.

चौथा दिवस, बुधवार

पुन्हा हॉल. सकाळी कालची गोष्ट सगळ्यांना सांगितली आणि सव्वीस वह्यांत तो गोल पडला. मग प्रत्येकीनं बाहुलीच्या घरी भेट दिली. मी आजी झाले, गटप्रवर्तक ताई बाळंतीण झाल्या, आणि एक जण मोबाइलवर बाळ रडल्याचा आवाज लावायला बसली. कालपर्यंतची बाहुली गप्प होती, आजपासून रडायला लागली.

तीस वर्षांवरच्या माणसांची सी-बॅक, म्हणजे आजारांचा धोका गुणांत मोजणारी तपासणी सूची भरायची उजळणी झाली. चारच्या वर गुण आले की उपकेंद्रात रक्तदाब-साखरेच्या तपासणीला पाठवायचं, हे त्या रोज करतात, त्यात मला फार काही सांगायचं नव्हतं.

सर्पदंशावर मात्र दोन तास गेले. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चारही नावं त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. भात कापताना, गवताचा भारा उचलताना, ऊस तोडताना चावल्याच्या गोष्टी प्रत्येकीकडे होत्या. आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही, माणसाला चालवायचं नाही. हात-पाय हाडमोडीसारखा फळीला बांधून स्थिर ठेवायचा आणि प्रतिविष मिळेल त्या दवाखान्यात न्यायचं. मण्यार चावल्याची खूण दिसत नाही, सूजही येत नाही, झोपेत चावते, आणि सकाळी पोटात दुखतंय, पापण्या मिटतायत म्हणून माणूस पडून राहतो. हे ऐकून मागच्या रांगेतली एक ताई रडायला लागली. तिच्या दिरानं तसंच सांगितलं होतं. घरात सगळ्यांना वाटलं, पित्त झालंय.

त्यानंतर जेवणाची सुट्टी केली. डबे एकत्र उघडले. नाचणीची भाकरी, पावट्याची उसळ, खर्डा, कुणाकडे सुकट. बोलणं मानधनावर आलं, येतंच. कुठल्या महिन्याचं आलं, कुठलं थकलं. आणि थर्मामीटरच्या सेलचे पैसे स्वतःच्या कनवटीचे घालावे लागतात हेही. बाळाच्या सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की २५० रुपये. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा गौरव केला, त्याचं कात्रण एकीनं वहीच्या पुठ्ठ्याला चिकटवलेलं होतं. त्याच पुठ्ठ्याच्या आत थकलेल्या रकमांची यादी होती. या बायकांकडून आपण जे काम घेतो त्याचा मोबदला वेळेवर मिळालाच पाहिजे. ते होत नाही तोवर माझ्या शिकवण्याला निम्मी किंमत आहे असं मला वाटतं.

पाचवा दिवस, गुरुवार

दोरीवरचे लंगोट मी विसरले नव्हते. गटप्रवर्तक ताईंना विचारलं तर मल्हारपेठच्या बाजूच्या एका गावची आशाताई म्हणाली, ती टोळी बीडकडची, आमच्याच शिवारात उतरली आहे, पण माझ्या यादीत त्या येत नाहीत. दुपारी आम्ही तिच्याबरोबर गेलो.

एकवीस कोप्या. पहाटे चारला तोडीला गेलेली माणसं परतत होती, बायकांच्या डोक्यावर वाढ्याचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे भारे. इथे नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल कोयत्यावर फेडायची. विहिरीजवळच्या तिसऱ्या कोपीत बाळंतीण होती. बाराव्या दिवसाची. बाळंतपण इकडेच एका दवाखान्यात झालेलं, पण घरी सोडतानाच्या कागदावर पत्ता बीडच्या गावचा. म्हणजे तिसऱ्या आणि सातव्या दिवसाची भेट कुणी केली असेल तर तिकडच्या रिकाम्या घराच्या कुलपाला.

कोपीत वाकूनच शिरावं लागतं. आशाताई वाकली, बसली, आणि बाळाला हात न लावता पोटाकडे बघत राहिली. आज तिच्या मुठीत शेंगदाणे नव्हते, मक्याचे दाणे होते. मिनिट संपलं. ६८. माझे हात शिवशिवत होते, पण मी ते मांडीखाली दाबून धरले. तिनं मला विचारलंही नाही. घड्याळ पुन्हा लावलं. ६६. मग अंगडं वर केलं. श्वास घेताना बरगड्यांच्या खाली खड्डा पडत होता. पावलं गार.

"दूध पितंय का गं?"

"रातीपासून धरीना झालंय बाई. झोपूनच राहतंय लेकरू."

तिनं १०८ ला फोन लावला. बाहेर मुकादम आला. संध्याकाळी गाडी भरायची आहे, ही गेली तर कोयता अर्धा होतो, उद्या सकाळी नेऊ म्हणाला. ताई त्याच्यासमोर उभी राहिली. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पाच फुटांची मुलगी. "दादा, रात निघायची न्हाई ह्याला. गाडी भरायला माझा नवरा पाठवते. हिला आत्ता जाऊ द्या." मुकादमानं मान हलवली आणि स्वतःच जाऊन बाळाच्या बापाला हाक मारली.

रुग्णवाहिका येईपर्यंत बाळ आईच्या छातीशी बांधून झालं होतं. ताई गाडीत बसली. तिनं नवऱ्याला केलेला फोन मी ऐकला: "सांच्याला उसाची गाडी भरायला जावा. का ते आल्यावर सांगते."

सहावा दिवस, शुक्रवार

शेवटचं सत्र अकराला संपलं. बाहुली मी पाटणलाच ठेवली, भोंग्यासकट. गटप्रवर्तक ताईंना ती फिरवून वापरता येईल.

कालची आशाताई उशिरा आली. रात्र तिची कराडलाच गेली होती. उपजिल्हा रुग्णालयात बाळाला दाखल करून घेतलं होतं. ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं सुरू झाली. सकाळी आईचं पिळून काढलेलं दूध चमच्यानं थोडं घेतलं म्हणाली. डॉक्टरांनी अजून काही सांगितलेलं नाही, दोन दिवस बघू म्हणाले आहेत.

एसटीला वेळ होता. आम्ही स्टँडच्या बाकावर बसलो आणि तिनं वही काढली. तिच्या गावच्या बाळांची पानं पुढे भरलेली. तिनं शेवटून एक कोरं पान उघडलं, वर आईचं नाव लिहिलं आणि पुढच्या भेटींच्या तारखा मोजल्या. चौदावा दिवस शनिवारी येत होता, तेव्हा बाळ कराडलाच असणार, म्हणून पुढे 'कराड' लिहिलं. एकविसावा त्याच्या पुढच्या शनिवारी. तोवर टोळी दुसऱ्या शिवारात गेली तर? तिनं मुकादमाचा नंबर घेऊन ठेवला होता, आणि त्याच्यानंतर ऊस कुणाचा तुटणार हेही विचारून आली होती.

पत्त्याच्या रकान्यावर पेन जरा थांबलं. मग तिनं लिहिलं: आमचं शिवार, विहिरीशेजारची तिसरी कोपी.